निकाल कुणाचा, शाळेचा की घराचा?

साशंक : दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फाटकांवर फलक झळकतात. आमचा निकाल इतके टक्के, नव्वदच्या पुढे इतकी मुलं. पालक ते वाचतात आणि धाकट्याला कुठे घालायचं हे मनाशी ठरवून टाकतात. या आकड्यावर माझा भरवसा नाही. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. २०१९ साली तो ७७.१० वर घसरला आणि २०२० साली ९५.३० वर गेला. महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. २०१९च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय २०२० साली करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. घरं तीच, शिक्षक तेच, आकडा मात्र अठरा अंकांनी वर. एका परिपत्रकाने जो एवढा हलतो, त्यावरून एखादी शाळा चांगली की वाईट हे कसं ठरवायचं?

आणि हे तरी वरवरचं झालं. माझी मुख्य हरकत अशी की परीक्षा कितीही चोख घेतली तरी शाळेचा निकाल आधी सांगतो तो पटावर कोण आहे हे. शाळेने काय केलं ते त्याच्या मागे लपलेलं असतं. ज्या मुलाच्या घरी पुस्तकं आहेत, आई पदवीधर आहे आणि संध्याकाळी शिकवणी आहे, त्याच्या यशाचं श्रेय शाळा घेते. ज्या मुलीच्या घरात पाटी धरणारी ती पहिलीच, तिच्या अपयशाचा दोष जिल्हा परिषदेच्या शाळेवर पडतो. दोन्ही ठिकाणी आपण घर मोजतो आणि नाव शाळेचं लावतो.

आशावादी : दहावीच्या टक्क्यांवर मीही विसंबणार नाही. म्हणून तर बाहेरच्या माणसाने, शाळेच्या हितसंबंधांपासून दूर राहून केलेली मोजणी हवी. ‘असर’चं सर्वेक्षण तसं आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ते २००५ पासून होतं आणि ते शाळेत होत नाही. पाहणी करणारी मुलं-मुली गावात घरोघर जातात, अंगणात किंवा ओट्यावर मुलाशेजारी बसतात आणि एक कागद त्याच्यासमोर धरतात. त्यावर अक्षरं असतात, शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठवर वाचतं ते टिपून घ्यायचं. मग हातच्याची वजाबाकी आणि शेवटी तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचं. घरी जाण्याचं कारण असं की त्या दिवशी शाळेला दांडी मारलेलं मूलही सापडतं, शाळा सोडलेलंही सापडतं, आणि शाळेला हुशार मुलं पुढे बसवता येत नाहीत.

या कागदाने काय सांगितलं? २०२४ साली ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये पाचवीत शिकणाऱ्यांपैकी ४४.८ टक्के मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत होती. खाजगी शाळांत हे प्रमाण ५९.३ टक्के होतं. पाचवीतलं मूल दुसरीचं वाचू शकत नाही, ही गोष्ट मला घराच्या परिस्थितीखाली झाकून टाकायची नाही. शाळेत जायला लागून पाच वर्षं झाल्यावर वाचायला शिकवलं गेलं नसेल, तर त्या पाच वर्षांत काय झालं हे विचारायला नको का?

साशंक : विचाराच. पण ४४.८ आणि ५९.३ यांच्यामधली जी साडेचौदा अंकांची दरी आहे, ती ‘खाजगी शाळा जास्त शिकवते’ याचा पुरावा मानू नका. दोन्हीकडे मुळात वेगळी मुलं आहेत. ‘असर’ मुलाची परीक्षा घेतं, तसंच आई-वडील किती शिकले, घर कसलं आहे, शिकवणी लावली आहे का, हेही टिपून घेतं. या गोष्टी हिशेबात धरल्या की सरकारी आणि खाजगी यांच्यातला फरक बराच आटतो, हे ‘असर’च्याच विश्लेषणांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरातल्या घरातसुद्धा निवड होते. पैसे एकाच मुलापुरते असले तर इंग्रजी शाळेची गाडी बहुतेकदा मुलासाठी येते आणि मुलगी गावच्या शाळेत राहते. म्हणून देशभरात सरकारी शाळांत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त दिसतं.

याहून पक्का पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या १८० गावांत एक प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांना खाजगी शाळा हवी होती, त्यांची सोडत काढली आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची फी प्रयोगातून भरली. सोडत असल्यामुळे दोन्ही गटांची घरं सारखी होती. वेगळी होती ती फक्त शाळा. चार वर्षांनी मोजलं तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक पडला तो हिंदीत, कारण खाजगी शाळा तो विषय शिकवत होत्या. घर सारखं ठेवलं की शाळेच्या पाटीची जादू भाषा-गणितात तरी राहिली नाही. माझं म्हणणं याहून अधिक नाही.

आशावादी : तुम्ही त्या प्रयोगाचा अर्धाच निष्कर्ष सांगितलात. तेलुगू आणि गणिताला खाजगी शाळा कमी तास देत होत्या आणि तरीही मुलं तिथवर पोहोचत होती. उरलेला वेळ त्या दुसऱ्या विषयांना देत होत्या, आणि दर मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाच्या आसपास होता. तो खर्च कमी असण्याचं मोठं कारण शिक्षकांचे तुटपुंजे पगार, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मी पुरस्कार करणार नाही. पण शाळा वेळ कसा वापरते याने फरक पडतो, एवढं तरी त्यातून निघतंच.

मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ‘निकाल घराचा असतो’ हे वाक्य तुमच्या तोंडी न्यायाचं आहे. शिक्षकखोलीत पोहोचेपर्यंत त्याचं ‘पालकच लक्ष देत नाहीत, आम्ही काय करणार’ असं होतं. आकडेवारीच्या भाषेत मांडलेली सबब ही साध्या सबबीपेक्षा जास्त घातक, कारण तिला शास्त्राचा आधार आहे असं वाटतं. सार्वजनिक शाळा निघाली तीच मुळी घर पुरेसं पडत नाही म्हणून. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे तक्रार मांडली ती याच अंगाने होती. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना, असं त्यांचं म्हणणं होतं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा ज्यांच्या घरात अक्षर नाही ती मुलं शाळेत येणार, हे गृहीतच होतं. त्या मुलांचं घर हे शाळेच्या अपयशाचं कारण म्हणून सांगणं म्हणजे रोगी आजारी होता म्हणून औषध लागू पडलं नाही असं सांगण्यासारखं आहे.

आणि घर न बदलता फरक पडतो याचा पुरावा मुंबईतच आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नेमल्या. या त्याच वस्तीतल्या, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी होत्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं आणि त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायचं, एवढंच त्यांचं काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं मोजमाप केलं. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात मागे असलेल्यांना. त्यांची खोली तीच होती, आई तीच होती, वडिलांचा धंदा तोच होता. बदललं होतं ते दोन तासांत त्यांच्याशी काय केलं जातं हे.

साशंक : हे मी मान्य करतो, आणि आनंदाने करतो. शाळेच्या हातात काहीच नाही असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हणतो ते असं की शाळेच्या हातात काय नव्हतं हे वजा न करता तुम्ही तिला गुण देता. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगराळ गावची शाळा डोळ्यासमोर आणा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची उचल घेतलेले कोयते निघतात. आई-वडील मिळून एक कोयता. मागे आजी असेल तर मूल गावात राहतं, नसेल तर ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याच्या वाटेला लागतं. पुढे चार-पाच महिने कोपीशेजारी धाकट्या भावंडाला सांभाळायचं, पाचटात खेळायचं, पहाटे गाडी भरताना जागं व्हायचं. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, काही शिक्षक स्थलांतर होण्याआधी घरोघर जाऊन मुलं थांबवतात. तरी मार्चमध्ये परतलेल्या मुलाला वर्गात बसवल्यावर त्याचं बोट दिवाळीआधीच्या पानावर थांबतं. त्या शाळेचा आकडा आणि तालुक्याच्या गावातल्या नोकरदारांच्या वस्तीतल्या शाळेचा आकडा एकाच यादीत वर-खाली लावायचा, याला मोजमाप म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पटावर कोण आहे ही काही आभाळातून पडलेली परिस्थिती नाही, ती घडवली जाते आणि घडताना शाळेलाच पोखरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. समजा एका शाळेत ६४ मुलं आहेत. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी गावात यायला लागते आणि त्यात सहा मुलं जातात. ही सहा कुणाची? ज्यांना फी परवडते, जे पालकसभेत बोलतात, जे गुरुजी आले नाहीत तर विचारतात, त्यांची. ३० सप्टेंबरचा पट निघतो ५८, शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि दुसरीकडे समायोजित होतो. आता दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. एक जण पोषण आहाराच्या आणि ऑनलाइन माहितीच्या मागे लागला की अख्खी शाळा एकट्याच्या अंगावर. पुढच्या जूनमध्ये आणखी पाच जण गाडीत बसतात. शिक्षण बिघडलं म्हणून मुलं गेली की मुलं गेली म्हणून शिक्षण बिघडलं? निकालाच्या आकड्याला हा प्रश्नच कळत नाही. तो फक्त ‘शाळा घसरली’ एवढं सांगतो, आणि तो आकडा वाचून आणखी दोन पालक निघतात.

आशावादी : म्हणून तर उत्तर मोजणी थांबवण्यात नाही, मोजणी बदलण्यात आहे. मूल कुठे आहे हे मोजण्याऐवजी ते किती चाललं हे मोजा. जूनमध्ये अक्षरावर असलेली मुलगी एप्रिलमध्ये परिच्छेदावर आली, तर त्या शाळेने तिला पुढे नेलं. जूनमध्येच गोष्ट वाचणारा मुलगा एप्रिलमध्येही तीच गोष्ट वाचत असेल, तर त्या शाळेने, तिचा निकाल शंभर टक्के असला तरी, त्याला काही दिलं नाही. बीडच्या शाळेची तुलना बीडच्याच, तशाच स्थलांतराच्या गावातल्या शाळेशी करा. सारख्या घरांची मुलं असूनही एक शाळा दुसरीपेक्षा पुढे नेत असेल, तर तिथे काय चालतं हे जाऊन पाहा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मला कौतुकाहून महत्त्वाचं वाटतं ते असं की अशी कामं नजरेस यायला पुरस्कार लागू नये, रोजच्या मोजणीतून ती दिसायला हवीत.

साशंक : कल्पना चांगली आहे, पण तिच्यात दोन खड्डे आहेत. पहिला साधा. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत. बारा मुलांच्या शाळेत एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी टक्केवारी आठ अंकांनी हलते. तिथे प्रगतीचा आलेख काढणं म्हणजे वाऱ्याने हललेल्या काट्यावरून धान्य तोलणं. हा खड्डा बुजवता येईल. टक्के सोडा, बारा मुलांची बारा नावं घ्या आणि प्रत्येकाबद्दल बोला. दुसरा खड्डा मात्र मला बुजवता येत नाही. ‘तशाच शाळेशी तुलना करा’ असं म्हणताच ऊसतोडीच्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवायची, हे आपण कागदावर मान्य करतो. ‘अशा गावात एवढं वाचन म्हणजे उत्तम’ असा शेरा पडतो. शाळेला न्याय मिळतो, पण मुलीला? पंधरा वर्षांनी पोलीस भरतीच्या किंवा नर्सिंगच्या परीक्षेला बसेल तेव्हा तिला कुणी ‘तुझ्या गावच्या मानाने’ गुण देणार नाही.

आशावादी : हा प्रश्न मला टाळता येत नाही. शाळेला न्याय द्यायचा तर घर हिशेबात धरावं लागतं, मुलीला न्याय द्यायचा तर घर विसरावं लागतं. १९६६ साली हे दोन्ही धागे जवळपास एकाच वेळी जगासमोर आले. अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. हजारो शाळा आणि लाखो विद्यार्थी पाहून त्यांनी सांगितलं की इमारत, प्रयोगशाळा, पुस्तकं यांच्यापेक्षा मुलाच्या घरची पार्श्वभूमी जास्त वजन टाकते, आणि त्याखालोखाल शेजारी बसणारी मुलं कोणत्या घरांतून आली आहेत हे. वंचित मुलांवर या सोबतीचा परिणाम अधिक होतो, असंही त्यात निघालं. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे कोठारी आयोगाचा अहवाल सादर झाला. त्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. आपली शिक्षणव्यवस्थाच समाजाचे कप्पे वाढवते आहे, असं निदान करून आयोगाने समान शाळा आणि परिसरशाळा सुचवली, म्हणजे एका वस्तीतली सगळी मुलं एकाच शाळेत. निकाल आणि पट यांचा संबंध तोडायचा तर पटच मिसळा, हा त्यातला विचार. तो आपण कधी गांभीर्याने केलाच नाही.

साशंक : केला तो उलट्या दिशेने. कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. त्यातून थोडी मुलं तिकडे गेली, पण तिकडची इकडे आली नाहीत. आणि तेवढंही सहन झालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्द केला. या सगळ्या वादात सधन पालकांच्या मनातली भीती उघडपणे बोलली जात नव्हती, ती म्हणजे ‘त्या’ मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होईल. गौतम राव यांनी दिल्लीतल्या उच्चभ्रू शाळांचा अभ्यास करून हेच तपासलं. गरीब वर्गमित्रांसोबत बसलेल्या श्रीमंत मुलांचे गुण एकंदरीत घसरले नाहीत. इंग्रजीत थोडा फरक दिसला, वर्गातली गडबडही काहीशी वाढली. पण ती मुलं अधिक उदार झाली आणि गरिबांशी कमी भेदभावाने वागू लागली. एवढ्या किमतीला एवढं मिळत असेल, तर मिसळण्याला विरोध करणाऱ्यांनी आपलं कारण नीट सांगायला हवं.

आशावादी : मिसळणं सक्तीने होईल असं मला वाटत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशात आदेश दिला होता की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. आदेश गाजला, पण अधिकाऱ्यांची मुलं होती तिथेच राहिली. म्हणून मी पट मिसळण्याची वाट पाहत बसणार नाही. तोवर बालसखीचे दोन तास तरी प्रत्येक वर्गाला मिळावेत, असं म्हणेन. आणि तुमच्या दुसऱ्या खड्ड्याबद्दल एवढंच सुचतं की दोन कामांसाठी दोन मापं ठेवावीत. शिक्षकाला जाब विचारायचा असेल तेव्हा मूल त्याच्या हाती आल्यापासून किती चाललं ते पाहावं. सरकारला जाब विचारायचा असेल तेव्हा मूल कुठे पोहोचलं ते पाहावं, आणि तिथे घराची, गावाची, हंगामाची कुठलीही सूट देऊ नये.

साशंक : म्हणजे जे अंतर शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचं, ते सरकारचं. तत्त्व म्हणून मला पटतं. पण ते अंतर कुठे संपतं आणि शिक्षकाची जबाबदारी कुठे सुरू होते, ही रेघ कोण ओढणार? शिक्षक ती आपल्यापासून दूर सरकवेल आणि सरकार शिक्षकाकडे ढकलेल. दोघांच्या ओढाताणीत ती मुलीच्या अंगावरून जाईल. या रेघेबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार आहे त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

आशावादी : माझ्याकडेही नाही. पण त्या रेघेचा वाद मिटेपर्यंत एक गोष्ट पक्की ठेवू. कारखान्यावरून मार्चमध्ये परतलेल्या मुलीसमोर धरायचा कागद आणि पुण्यातल्या सोसायटीत राहणाऱ्या मुलीसमोर धरायचा कागद एकच असला पाहिजे. गोष्ट दुसरीची, दोघींना तीच.